खंडपट

आपल्या धर्मशास्त्राने वस्त्राविषयी जे विधिनिषेध घालून दिले आहेत त्यांत एक विसंगती आहे, आणि ती रोज डोळ्यांसमोर असल्यामुळेच बहुधा कोणाच्या ध्यानी येत नाही. पूजा, श्राद्ध, उपनयन, विवाह अशा कर्मांना जे वस्त्र विहित मानले आहे ते न कापलेले, न शिवलेले आणि शक्य तर ‘अहत’, म्हणजे मागावरून उतरल्यानंतर कोणाच्या अंगाला न लागलेले, असे असावे लागते. यजमान सदरा उतरवून उपरणे पांघरतो आणि विजार सोडून धोतर नेसतो ते याच समजुतीने, की ज्यात कात्री आणि सुई शिरली ते वस्त्र कर्माच्या दृष्टीने खंडित झाले. परंतु हीच परंपरा, ज्याने सर्व कर्मांचा त्याग केला आणि म्हणून ज्याला सर्वांत शुद्ध समजावयाचे, अशा विरक्ताच्या अंगावर मात्र कंथा घालते. आणि कंथा म्हणजे तर चिंधीला चिंधी जोडून केलेले, सुईने हजार ठिकाणी विंधलेले, कोणाकोणाच्या अंगावरून उतरलेले वस्त्र. गृहस्थाला अखंड आणि विरक्ताला खंडित ही वाटणी कोणत्या न्यायाने झाली असे विचारले असता ठरीव उत्तर मिळते ते असे, की ज्याला कर्मच उरले नाही त्याच्या वस्त्राला कर्माचे नियम लागू नाहीत. हे उत्तर कचेरीत मंजूर होण्याजोगे आहे. विचाराला ते पुरत नाही.

विट्याच्या मुलखात, म्हणजे खानापूर तालुक्याच्या उंच, कोरड्या, पावसाने नेहमी हुलकावणी दिलेल्या रानात, गोधडीला वाकळ म्हणतात. तिथून जवळच रेणावीला रेवणसिद्धाचे ठाणे आहे आणि त्याला नवनाथांतील रेवणनाथ मानणारे लोक या भागात पुष्कळ आहेत. तेव्हा नाथपंथी जोग्याच्या खांद्यावरची कंथा आणि त्याच्या झोळीत पीठ घालणाऱ्या बाईच्या घरातली वाकळ यांचे नाते इथल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. तरीही घरात वाकळेला कंथेचा मान नाही. सोवळ्यात रेशमी मुकटा चालतो, लोकरीची धाबळी चालते, पण वाकळ ही अंथरुणातली म्हणून ओवळी. सोवळ्याच्या घरात तिला शिवून कोणी देवघरात पाऊल टाकीत नसे. आणि गंमत अशी, की त्याच घरात मूल जन्माला आले म्हणजे त्याच्या अंगाला पहिला स्पर्श व्हावयाचा तो कोऱ्या कापडाचा नव्हे, तर जुनेराचा, आजीच्या किंवा पणजीच्या धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या लुगड्याच्या तुकड्याचा. देवाला कोरे लागते, देहाला जुने लागते, आणि या दोन मागण्यांच्या मधल्या जागेत वाकळ पसरलेली असते.

हा विचार मनात पुन्हा जागा होण्यास निमित्त झाले ते एका संगणकप्रणालीचे. माझी एक भाची, विट्याच्या गलाईवाल्या, म्हणजे सोनेचांदी आटवणाऱ्या, घरात वाढलेली आणि आता संसारानिमित्त अमेरिकेत असलेली, तिकडच्या बायकांच्या संगतीने क्विल्ट शिवू लागली आहे. सुटीत माहेरी आली असता तिने आपल्या संगणकावर मला तो सारा खटाटोप दाखविला. प्रणालीचे नाव इलेक्ट्रिक क्विल्ट. ओहायो संस्थानातील, नव्हे राज्यातील (जुन्या मुलखाच्या माणसाच्या लेखणीतून संस्थान लवकर सुटत नाही), बोलिंग ग्रीन या गावी १९९१ साली डीन न्यूमन या गणिताच्या प्राध्यापकांनी आणि पेनी मॅकमॉरिस यांनी मिळून तिचा प्रारंभ केला. पडद्यावर एक चौकोन येतो, त्याला ब्लॉक म्हणतात. तो त्रिकोण, चौकोन, पट्ट्या यांत विभागलेला असतो. बाजूला कापडांचे दप्तर उघडते, त्यात हजारो कापडांचे नमुने रंगावारीने आणि छापवारीने लावून ठेवलेले असतात. एका नमुन्यावर टिचकी मारावी, मग चौकोनातल्या एखाद्या तुकड्यावर मारावी, की ते कापड त्या तुकड्यात जाऊन बसते. आणखीही सोयी आहेत: एका हत्याराने एक कापड साऱ्या गोधडीतून काढून त्याच्या जागी दुसरे घालता येते, दुसऱ्याने कापड तुकड्याच्या आत सरकवून छापातले फूल नेमके मध्यावर आणता येते, तिसऱ्याने संगणकालाच सांगता येते की रंग तूच कसेही वाटून दे, मी पाहते. शेवटी कोणत्या रंगाचे किती वार कापड लागेल याचा हिशेबही छापून मिळतो. भाची सराईतपणे टिचक्या मारीत होती, आणि एकच चौकोन घटकेत पहाटेसारखा तर घटकेत वणव्यासारखा दिसत होता. मला हे पाहून कौतुक वाटले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे, कारण यापुढे मी जे म्हणणार आहे ते यंत्राच्या तिरस्कारातून निघालेले नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात ज्या गावाची झोप घडलेली आहे त्या गावाने यंत्राचा तिरस्कार करणे शोभणारेही नाही.

वाकळ शिवणारी बाई कापड निवडते ते पाहावे. शाळू निघून रान मोकळे झाले, उन्हे तापली, म्हणजे सोप्यात किंवा सारवलेल्या अंगणात ती एक धड लुगडे तळाला अंथरते. मग गाठोडी सुटतात. त्यांतून निघालेली धोतराची पाने, सदऱ्यांच्या पाठी, विरलेल्या चादरी, परकराचे घेर यांतला प्रत्येक तुकडा ती आधी उन्हाकडे धरून पाहते, मग दोन मुठींत धरून हलकेच ताणते आणि फाटण्याच्या आवाजाचा अदमास घेते. जो ताणाला टिकतो पण बोटांना विरघळल्यासारखा लागतो तो आत जातो. थर जिथे विरळ दिसेल तिथे आणखी एक तुकडा, जिथे जाड होईल तिथून एक कमी. वर पुन्हा लुगडे किंवा जोडलेली ठिगळे, मग लांब टाक्यांनी सगळे टाचून घेणे, आणि एका कोपऱ्यापासून काठाकाठाने धावदोरा घालीत, चौकोनाच्या आत चौकोन करीत, मध्याकडे सरकणे; शिवणारी स्वतः त्या वाकळेवरच बसलेली असते, म्हणून काम जसजसे पुढे जाते तसतशी तीही मागे मागे सरकत राहते. माझ्या शेजारची एक म्हातारी, जिच्या हातच्या वाकळा अर्ध्या आळीने पांघरल्या, नवे कापड पुढे केले की ते झटकन बाजूला सारीत असे. “नव्या कापडात सुई शिरत न्हाई, आन् शिरली तरी वाकळ अंग धरत न्हाई,” असे ती म्हणे. नायलॉनची आणि पॉलिएस्टरची पातळे घरोघर आल्यापासून तिची तक्रार वेगळी झाली. ही कापडे जुनी होतच नाहीत, नुसती वाईट दिसू लागतात, असे तिचे म्हणणे होते, आणि यापेक्षा नेमके परीक्षण मी कोणा वस्त्रतज्ज्ञाकडूनही ऐकलेले नाही.

गोधडीचा विषय निघाला की आपल्याकडे लेखकांच्या डोळ्यांना ताबडतोब पाणी येते आणि मायेच्या उबेचा पाट वाहू लागतो. त्या पाण्यात न शिरता एक कोरडा प्रश्न विचारावासा वाटतो: आजीच्या लुगड्याचा जो तुकडा वाकळेत गेला, तो आजीचे लुगडे आहे काय?

नैयायिक याला स्पष्ट नकार देतील. त्यांचा सिद्धान्त असा की, तंतूंपासून पट होतो तेव्हा तो तंतूंचा ढीग नसून तंतूंच्या ठायी समवायसंबंधाने राहणारे एक नवेच द्रव्य असते. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात कारणांचे जे तीन प्रकार विद्यार्थ्याला शिकवितात त्यांचे उदाहरणच कापडाचे आहे: तंतू हे समवायी कारण, तंतूंचा परस्पर संयोग हे असमवायी कारण, आणि विणण्याची साधने ही निमित्त कारणे. विट्यात हे उदाहरण शिकविणाऱ्याला खिडकी उघडण्यापलीकडे काही करावे लागू नये. पण याच सिद्धान्तातून पुढे एक विलक्षण निष्कर्ष निघतो. त्या पटातून काही तंतू काढून घेतले, तर पूर्वीचा महापट नष्ट झाला आणि उरलेल्या तंतूंत एक नवा पट जन्मला, त्याला ते खंडपट म्हणतात. म्हणजे लुगडे ज्या क्षणी फाडले त्या क्षणी आजीचे लुगडे संपले. हातात राहिली ती चिंधी हे एक नवजात द्रव्य आहे, ज्याने आजीला कधी पाहिलेही नाही. इतकेच नव्हे, तर पट हा त्यांच्या मते अंत्यावयवी, म्हणजे ज्याच्यापासून पुढे आणखी नवे द्रव्य उत्पन्न होत नाही असा शेवटचा अवयवी आहे. तेव्हा तुकड्यांना तुकडे जोडून झालेली वाकळ हे एक द्रव्य म्हणून रुजू होण्याला सुद्धा शास्त्राची अडचण आहे. ती केवळ संयोग ठरते, मेळावा ठरते. बौद्ध आचार्य यापुढे एक पाऊल जातील. नागसेनाने मिलिंद राजाला रथाचे चाक, आस, दांडी एकेक दाखवून रथ कुठे आहे असे विचारले होते. त्यांच्या लेखी वाकळच काय, लुगडेही नव्हते, आजीही नव्हती, आणि विचारणाराही नाही.

शास्त्रापुढे व्यवहार नेहमीच हट्टी असतो. आमचा जिल्हाच याला साक्ष आहे. १९४९ साली जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके कापून, त्यांना सांगली, मिरज, जत अशा विलीन झालेल्या संस्थानांचे तुकडे जोडून आणि औंध संस्थानातली आटपाडी त्यातच बसवून दक्षिण सातारा नावाचा जिल्हा शिवण्यात आला. १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. महसुली दप्तराच्या दृष्टीने जुना महापट तेव्हाच नष्ट झाला होता, फेरफार झाले, शिक्के बदलले. पण विट्यातली जुनी माणसे पुढे कितीतरी वर्षे स्वतःला सातारचेच म्हणवीत राहिली. हा तोच आहे, अशी जी ओळख पटते तिला शास्त्रात प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि ती भ्रम आहे की प्रमाण आहे यावर नैयायिक आणि बौद्ध यांनी शतकानुशतके एकमेकांशी वाद घातला. वाकळ शिवणाऱ्या बाईने त्या वादात भाग घेतला नाही. ती तुकड्यावर बोट ठेवून हे आत्तीचं, हे थोरल्या जावेचं, असे सांगत गेली.

पण विट्याच्या घरात ऐक्याचे दुसरेही एक शास्त्र नांदते, आणि ते पुरुषांच्या धंद्यातले आहे. दुष्काळाला कंटाळून या तालुक्यातली, आटपाडी-तासगावकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या देशोधडीला गेली आणि केरळपासून आसामपर्यंत जिथे जिथे सराफ बाजार आहे तिथे तिथे सोन्याचांदीची गलाई करू लागली. त्यांच्या मुशीत जुनी ठुशी पडते, तुटलेली बोरमाळ पडते, झिजलेल्या पाटल्या पडतात. टाकणखार टाकून आच दिली की हिणकस वर येते, पुढे तेजाबाने उरलेली भेसळ खाल्ली जाते, आणि टंच काढून लगड हातात येते. मुशीत गेलेल्या दागिन्याला सासर-माहेर उरत नाही. उपनिषदांत उद्दालकाने श्वेतकेतूला मातीचा आणि सोन्याचा दृष्टान्त देऊन जे सांगितले, आणि ज्याचा पुढे वेदान्त्यांनी कुंडले आणि कनक या रूपाने घोष केला, ते हेच: आकार आणि नाव हा वाणीचा खेळ, द्रव्य तेवढे खरे. अद्वैताचे इतके स्वच्छ प्रात्यक्षिक दुसऱ्या धंद्यात क्वचितच मिळेल. आणि त्याच घरात, त्याच गलाईवाल्याची आई किंवा बायको, ज्यात एकही तुकडा आपले नाव आणि रूप सोडीत नाही, काठ काठच राहतो आणि ठिगळ ठिगळच दिसते, अशी एकता सुईने तयार करीत बसलेली असते. आटवून एक करणे आणि शिवून एक करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत भेद मिथ्या ठरतो. दुसरीत भेद शाबूत राहून एका अंगाखाली येतो, आणि ज्याला तत्त्वज्ञानात तिचे सगोत्र हवे असेल त्याने रामानुजांकडे जावे, शंकराचार्यांकडे नव्हे. मला स्वतःला दुसरी अधिक कठीण वाटते. आच दिली की सोने आपोआप वितळते. दोन कापडे मात्र शेजारी ठेवल्याने जुळत नाहीत.

पडद्यावरचे कापड या दोहोंत कुठे बसते? गलाईत द्रव्य राहते आणि नामरूप जाते. वाकळेत द्रव्यही राहते आणि नामरूपही. पडद्यावर नामरूप आहे, इतके विपुल की एका दप्तरात हजारो कापडे, पण द्रव्य कधी नव्हतेच. निळा छाप काढून तांबडा घातला तेव्हा कुठलेही कापड गेले नाही आणि कुठलेही आले नाही. भाचीने आपल्या आजीच्या इरकली लुगड्याचा फोटो काढून तोही त्या दप्तरात दाखल केला होता. प्रणालीत तशी सोय आहे. “मामा, ह्यात आजीचं लुगडं पण बसतंय बघा,” असे म्हणून तिने टिचकी मारली आणि साऱ्या गोधडीचे कितीतरी तुकडे त्या लुगड्याने भरून गेले. जवळून पाहिले तेव्हा मला एक गोष्ट दिसली. फोटोच्या कोपऱ्यात काठाशी हळदीचा एक पुसट डाग होता, कधी काळी ओल्या हाताने पदर खोचताना पडलेला. आणि चित्र पुन्हा पुन्हा उमटत असल्यामुळे तोच डाग, त्याच आकाराचा, तितक्याच अंतरावर, तुकड्यामागून तुकड्यात हजर होता. वैशेषिकांच्या परिभाषेत सांगायचे तर जे एकाच ठिकाणी, एकदाच होते, ते सामान्य होऊन बसले, अनेकांच्या ठायी राहणारे एक. आजीचा हात एकदाच ओला झाला होता. डाग पुसून टाकू की राहू देऊ, असे तिने विचारले. पुसला तर लुगडे दप्तरातल्या इतर कापडांसारखे होईल आणि ठेवला तर तो डाग नक्षी होईल, एवढेच मला सांगता आले.

प्रणालीच्या बाजूने मात्र एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण ती मला तिच्यामुळेच उमगली. लॉग केबिन नावाचा एक जुना अमेरिकन ब्लॉक आहे: मध्ये लहान चौकोन, बहुधा तांबडा, आणि त्याच्याभोवती एकामागून एक पट्ट्या, अर्ध्या उजळ, अर्ध्या गडद. भाचीने कापडे तीच ठेवून उजळ-गडदाची जागा तेवढी बदलली आणि आकृती पार पालटली. मग तिने एक करडे कापड काळ्याशेजारी ठेवले तेव्हा ते उजळ होते, पांढऱ्याशेजारी नेले तेव्हा तेच गडद झाले. उजळपणा त्या कापडात नव्हता. तो शेजारावर अवलंबून होता. वैशेषिकांनी परत्व आणि अपरत्व, दूरपणा आणि जवळपणा, हे गुण आणि दोनपासून पुढच्या संख्या अपेक्षाबुद्धीतून उत्पन्न होतात असे मानले आहे. म्हणजे पाहणारा दोन गोष्टी एकत्र पाहतो तेव्हाच त्या गुणांचा जन्म होतो. ही अपेक्षाबुद्धी प्रत्यक्ष कापडे कापून शिकायची तर कित्येक वार वाया जातील. पडद्यावर ती घटकेत शिकता येते. म्हातारीलाही ती ठाऊक होती, पण तिला ती शिकायला एक जन्म लागला.

मात्र जे शिकणे सोपे करते तेच कर्म म्हणून मोजता येत नाही, ही अडचण उरतेच. त्या पडद्यावर मागे फिरण्याची एक कळ आहे. ती दाबली की नुकतीच केलेली कृती झालीच नव्हती असे होते. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या माणसाला ही कळ पाहून धक्का बसावा, कारण ज्याचे फळ कर्त्याला कधीच चिकटत नाही अशी कृती आपल्या शास्त्रात फक्त जीवन्मुक्ताची असते. कोणी म्हणेल, मग हा निष्काम कर्माचा सरावच झाला. निवडले, पुसले, पुन्हा निवडले, कशातही अडकणे नाही. मला हे पटत नाही. गीतेने फळावरचा अधिकार सोडायला सांगितले आहे, फळच न येणारे कर्म शोधायला नव्हे. कात्री लागलेल्या लुगड्याला परत नेणारी कळ नाही, म्हणूनच कात्री लावणाऱ्या हाताला काही सोडून द्यावे लागते. पडद्यावर सोडायचे काहीच नसते, म्हणून सोडलेही काही जात नाही. आपल्या व्रतांना आरंभी संकल्प असतो आणि शेवटी उद्यापन असते. ही निवड उद्यापनाशिवाय चालूच राहू शकते. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या जंगलपट्ट्यात जे सिद्दी लोक राहतात, आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे वंशज, त्यांच्या बायका कौदी शिवताना काठापासून मध्याकडे येतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांना त्रिकोणी तुकड्यांचे फुला लावतात. ते लागेपर्यंत कौदी नागडी आहे असे त्या समजतात. कधी थांबायचे हे त्यांना तुकड्यांनीच सांगितलेले असते.

इथवर वाचून कोणाला असे वाटेल की मी दारिद्र्याची आरती ओवाळीत आहे. तो संशय रास्त आहे, म्हणून त्याचा बंदोबस्त करणे भाग आहे. वाकळ शिवणाऱ्या बाईने जुने कापड निवडले असे आपण म्हणतो तेव्हा हे विसरता कामा नये की, तिच्यापुढे बहुधा दुसरे कापड नव्हतेच; १९७२ च्या दुष्काळात या तालुक्यातल्या माणसांनी खडी फोडून जे मिळविले त्यात पांघरुणाची निवड हा विषय येत नव्हता. ज्याला पर्याय नाही त्याला यदृच्छालाभाने संतुष्ट राहण्याचा उपदेश करणे हा अध्यात्माचा सर्वांत स्वस्त उपयोग होय. या बाबतीत बुद्धाचा विवेक मला फार मोलाचा वाटतो. भिक्षूंनी धुळीतून, स्मशानातून वेचलेल्या चिंध्यांचे पांसुकूल चीवर वापरावे ही रीत होती. पण राजगृहाच्या जीवक वैद्याने उंची वस्त्र अर्पण केले तेव्हा बुद्धाने ते स्वीकारले आणि गृहस्थांनी दिलेले कापड घेण्यास भिक्षूंना मोकळीक दिली. पुढे देवदत्ताने ज्या पाच मागण्या मांडल्या त्यांत भिक्षूंनी जन्मभर चिंध्यांचेच वस्त्र वापरावे ही एक होती. बुद्धाने ती फेटाळली, ज्याला हवे त्याने वापरावे म्हणून सांगितले. चिंधी सक्तीची झाली की तिच्यातला त्याग निघून जातो, आणि मागे फक्त चिंधी राहते.

हे प्रसंग ज्या विनयग्रंथात येतात त्यातल्या महावग्गात आणखी एक प्रसंग आहे. मगधातल्या भातखाचरांचे बांध, पाट आणि त्यांचे छेद पाहून बुद्धाने आनंदाला विचारले की भिक्षूंच्या चीवराची अशी आखणी करता येईल काय. आनंदाने ती केली आणि बुद्धाने त्याच्या बुद्धीची तारीफ केली. गोधडीच्या चौकोनांची आखणी करणाऱ्यांनी आपला आद्य गुरू म्हणून आनंदाचे नाव घ्यायला हरकत नाही. पण नियम असा झाला की कापड नवे असले, अखंड असले, तरी ते आधी कापून मगच शिवावे. तसे केले म्हणजे ते श्रमणाला साजेसे होते आणि परक्याला त्याचा लोभ राहत नाही. माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. गृहस्थाच्या कर्माला अहत वस्त्र लागते ते यासाठी, की त्याच्यावर अजून कोणाचाही हक्क बसलेला नसावा. विरक्ताला खंडित वस्त्र लागते ते यासाठी, की त्याच्यावर ज्यांचा ज्यांचा हक्क होता त्या सर्वांनी तो सोडलेला असावा. एकात मालकी सुरू झालेली नाही, दुसऱ्यात ती संपली आहे; बाहेरून दोन्ही बिनमालकीचीच दिसतात, पण त्यांच्या मधोमध सारा संसार पडलेला आहे. हा निकष लावला तर पडद्यावरचे कापड जगातले सर्वांत कडक सोवळ्याचे कापड ठरते. त्याला कोणाचाही देह कधी लागलेला नाही. त्याची पूजा सांगता येईल. त्याची कंथा होणार नाही.

भाची आता ती गोधडी खरोखरच शिवणार आहे, आणि हिशेबाप्रमाणे कापड विकत घेऊन शिवणार आहे, हे योग्यच आहे. नवे कापड कापून पुन्हा जोडणे हा वेडेपणा आहे असे म्हणणाऱ्या आमच्या गावकऱ्यांना महावग्गाचा दाखला दाखवावा. माझी हरकत एका बारीक गोष्टीपुरती आहे. प्रणालीत जे हजारो नमुने निवडायला मिळतात ते सगळे वरच्या थराचे. मधल्या भरणीसाठी दुकानातून कापसाचा तयार थर आणतात. वाकळेचा हिशेब उलटा आहे. जुनी वाकळ फाटली की तिला टाकीत नाहीत, नव्या वाकळेच्या मधल्या थरात घालतात. त्या जुनीच्या पोटात तिच्याहून जुनी असते, आणि ऊब जी येते ती बहुतेक तिथून येते. तो थर ज्या बाईने लावला तिने कापड ताणून पाहिले होते, आवाज ऐकला होता, काही तुकडे नाकारले होते. भाचीला मी तो थर दाखवावा म्हणून माळ्यावरच्या एका वाकळेची शिवण चार बोटे उसवली. आत धोतराचे पान, एका परकराची किनार आणि त्याखाली आणखी एका वाकळेचा धावदोरा दिसला. तिने विचारले, हे कापड कुणाचं? घरातल्या कोणालाच सांगता आले नाही, आणि मी शिवण पुन्हा घालायला सुई मागवली.